सार्जंटच्या शर्टाचा सोगा

हरणांचा मोसम शनिवारी पहाटे सुरू व्हायचा होता. शुक्रवारी दुपारीच गॉर्डी झास्ट्रो आर्डिसबाईंच्या छावणीवर तीन गाड्या भरून देशभक्ती घेऊन आला. पहिल्या गाडीत झेंडे होते, दुसरीत लाकडाच्या फळ्या होत्या. तिसरीत सार्जंट एमेट सोब्चाक होता. हा सगळा थाट त्याच्यासाठीच, पण त्याला मात्र अजून गाडीतून उतरू दिलेलं नव्हतं, कारण फोटो काढणारी मुलगी मागे राहिली होती.

"जरा बसा हं सार्जंट!" गॉर्डी काचेवर टकटक करून ओरडला. "उतरतानाचा फोटो हवाय."

सार्जंट बसला. चौतीस-पस्तिशीचा रुंद खांद्यांचा माणूस, डावा पाय गुडघ्याखाली इराकमध्ये गेलेला, डाव्या हाताची दोन बोटंही तिथेच. अंगात नारिंगी जाकीट, आणि जाकिटावर दात्यांच्या नावांच्या अकरा पट्ट्या शिवलेल्या. बरोबर छातीवर संडासाच्या टाक्या उपसणाऱ्या कंपनीची पट्टी होती. त्यांनी देणगी सगळ्यात मोठी दिली असणार, असं आर्डिसबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच ताडलं.

बाई एकोणऐंशीच्या होत्या. ही छावणी त्यांच्या वडिलांनी बांधलेली. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, देवदारांच्या दलदलीला पाठ करून उभी असलेली ओंडक्यांची एक लांब खोली, मधोमध भट्टी, भिंतीला बारा खाटा. एके काळी या खाटांवरून भांडणं व्हायची. उशिरा येणारा जमिनीवर झोपायचा आणि रात्रभर दुसऱ्यांच्या घोरण्याला शिव्या घालायचा. मग एकेक जण गेला. बाईंचा नवरा लाइल गेला, दीर गेले, आता जुन्यांपैकी एकटा नॉर्बर्ट उरला होता. तो लाकडं फोडायचा आणि सगळ्या जगाला नावं ठेवायचा. रिकाम्या खाटा बघवत नव्हत्या म्हणून बाईंनी या वर्षी जखमी सैनिकांना शिकारीला नेणाऱ्या गॉर्डीच्या 'शूरांसाठी शिकार' मंडळाला छावणी वापरायला दिली होती. दिली, आणि तासाभरात पस्तावल्या.

गॉर्डी ट्रॅक्टर विकायचा. व्हिएतनामला जायची पाळी आली तेव्हा त्याचे तळवे सपाट निघाले होते. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, भरती टळली, आणि ते डॉक्टर गॉर्डीच्या वडिलांबरोबर दर गुरुवारी पत्ते खेळत. आता साठी उलटल्यावर त्याच सपाट तळव्यांवर तो दिवसभर रान तुडवायचा, आणि कपडे मात्र असे घालायचा की खऱ्या सैनिकाला लाज वाटावी. टोपीपासून मोज्यांपर्यंत सगळं पालापाचोळ्याच्या नक्षीचं. वरून शिकारीच्या कायद्याला हवी म्हणून नारिंगी बंडी.

"फळ्या कशाला रे?" बाईंनी विचारलं.

"उतारासाठी, आर्डिसबाई. मचाणाच्या खोपटापर्यंत सार्जंटची चाकाची खुर्ची जायला हवी ना. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गाने बनवलाय. चाळीस फूट!"

"त्याच्याकडे चाकाची खुर्ची आहे?"

गॉर्डीने गाडीकडे पाहिलं. फोटोवाली आली होती आणि सार्जंट आपल्या कृत्रिम पायावर टणकन उतरून उभा होता.

"नसेल," गॉर्डी म्हणाला, "पण उतार तर झालाय आता."

चार वाजेपर्यंत उतार बसला. खोपटात गालिचा अंथरला, शेगडी ठेवली, कॉफीचे पेले ठेवायला दोन कड्या ठोकल्या. मग मंडळाने सार्जंटला बंदूक अर्पण केली. लाकडावर त्याचं नाव कोरलेली कोरी करकरीत बंदूक, वर दुर्बीण. टाळ्या झाल्या. सार्जंट म्हणाला, "थँक यू." त्याला टोपी दिली. "थँक यू." चाकू दिला. "थँक यू." बाई मोजत नव्हत्या, पण नॉर्बर्ट मोजत होता. तो त्यांच्या कानाशी पुटपुटला, "एकोणीस. बिचाऱ्याचा घसा बसायचा."

सगळं आटोपल्यावर गॉर्डी स्वयंपाकघरात आला आणि हलक्या आवाजात, सोन्याचं अंडं दाखवावं तसं म्हणाला, "उद्याची काळजी करू नका. हरीण नक्की आहे."

"हरणाने सांगितलं तुला?"

"आमचा किप टेकडीवर बसणार." किप म्हणजे गॉर्डीचा जावई, जिल्ह्यातला पक्का नेमबाज. "सार्जंटने गोळी झाडली की किपही झाडणार. त्याच क्षणाला! कोणाला कळतसुद्धा नाही. गेल्या वर्षी पाचही जणांना असंच मिळवून दिलं. रविवारी गावात मेजवानी आहे, बाई. दोनशे माणसं. रिकाम्या हाताचा शूर वीर घेऊन कुठे जाणार मी?"

बाईंनी बीन्सचं पातेलं ढवळलं.  बोलायच्या आधी विचार करायचा, हे त्यांना सत्तरीनंतर जमायला लागलं होतं.

थोड्या वेळाने सार्जंट आत आला. बाहेर त्याच्यासाठी कोणीतरी प्रार्थना म्हणत होतं, तिच्यातून तो सटकला होता. भट्टीजवळ हात शेकत त्याने वर पाहिलं, आणि बघतच राहिला.

छताच्या तुळईवर चिंध्या ठोकलेल्या होत्या. लाल चौकड्या, हिरव्या चौकड्या, धुरकटलेलं पांढरं, एक काळी, एक चक्क रेशमी. प्रत्येकीवर शाईने नाव आणि साल.

"शर्टाचे सोगे," तो म्हणाला. "आमच्या आजोबांच्या छावणीत पण होते. हरीण चुकवलं की कापायचे."

"मागचा सोगा, मुठीएवढा. ती काळी आमच्या पाद्रीबाबांची. रेशमी बँकेच्या मॅनेजरची, त्याला वाटलं होतं महाग शर्ट कोणी कापणार नाही. कात्री माझ्याकडे असते. आधी आईकडे असायची."

"तुमचा आहे?"

"तीन आहेत. लाइलचे सात होते, पण तो पाच सांगायचा."

सार्जंट हसला. मग एकदम बोलायला लागला, बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलतात तसं, थांबता न येता. ही त्याची सातवी दानातली शिकार. टेक्सासात रानडुक्कर, अलाबामात टर्की, मेन राज्यात अस्वल. सहा सहली, सहा जनावरं. टेक्सासात त्याने हट्टाने स्वतः डुक्कर सोललं. आत दोन गोळ्या निघाल्या. त्याने झाडली होती एक.

"मी विचारलं. म्हणाले, उसळून परत लागली असेल."

"डुकरात उसळली?"

"आतल्या आत, म्हणे." त्याने तीन बोटांचा डावा हात समोर धरला. तो किंचित थरथरत होता. "बाई, मला एवढंच कळायला हवंय की मला आता नेम धरता येतो की नाही. मुलगी नऊ वर्षांची झाली. पुढच्या वर्षी तिला शिकवायचंय, मला आजोबांनी शिकवलं तसं. पण येत नसेल तर मी तिच्या हातात बंदूक कोणत्या तोंडाने देऊ? आणि मला सांगतच नाही कोणी. सगळे टाळ्या वाजवतात."

बाहेर प्रार्थना संपली आणि "सार्जंट कुठे गेले?" अशी ओरड झाली. तो निमूटपणे गेला.

बाईंना ऑरिन आठवला. त्यांचा थोरला भाऊ. साठ वर्षं झाली. कोरियाहून तो पायांची सहा बोटं बर्फात ठेवून आला. तेव्हा मंडळं नव्हती. गावाने त्याला एक डुकराची तंगडी आणि चर्चमध्ये पुढची जागा दिली, आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. त्या नोव्हेंबरात ऑरिनने साठ पावलांवरचं हरीण चुकवलं. वडिलांनी कात्री मागितली, तर एकोणीस वर्षांच्या आर्डिसने त्यांचा हात धरला. "राहू द्या बाबा, त्याने काय कमी सोसलंय?" सगळ्यांना ते पटलं. वडिलांनी कात्री ठेवून दिली. कोणीतरी ऑरिनला सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा वाढला. त्याने तो खाल्ला, आईला थँक यू म्हणाला, आणि पुढच्या वर्षापासून छावणीवर आलाच नाही. मरेपर्यंत आला नाही. मोसमात घरी रेडिओ ऐकत बसायचा. एकदा बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "तिथे मी पाहुणा झालो होतो, आर्डिस."

त्या मायेचा बाईंना आजवर पश्चात्ताप होता. पापाचा होत नाही एवढा.

पहाटे त्या लाइलचा जाड कोट चढवून दाराशी उभ्या राहिल्या. "सार्जंटबरोबर खोपटात मी बसणार."

"तुम्ही?" गॉर्डीच्या हातातला मफिन तसाच राहिला. "अहो, गारठाल! आणि तिथे फोटोवाली..."

"फोटोवाली शिंकली की दलदलीतलं हरीण कॅनडात जाईल. जमीन कोणाची आहे, गॉर्डी?"

गॉर्डीने मफिन खाली ठेवला. त्याने किपला डोळा घातला. तो बाईंनी पाहिला, आणि पाहिला नाही असं दाखवलं.

दोघं उताराच्या बाजूने, साध्या पायवाटेने चढून खोपटात गेले. बाईंनी आधी शेगडी विझवली आणि गालिच्याची गुंडाळी करून ढुंगणाखाली घेतली. मग अडीच तास दोघं एक शब्द बोलले नाहीत. बाईंच्या आयुष्यातले बरेचसे चांगले तास असेच गेले होते, कोणाच्या तरी शेजारी, थंडीत, गप्प.

उजाडून बराच वेळ झाल्यावर देवदारांतून नर बाहेर आला. शिंगांना दहा फाटे, मान जाड, ऐटबाज चाल. ऐंशी पावलांवर आडवा उभा राहिला. सार्जंटने बंदूक खिडकीच्या चौकटीवर टेकवली, श्वास सोडला, आणि गोळी झाडली.

नराने शेपटीची पांढरी बाजू वर केली आणि तो गेला. पडून नाही, लंगडत नाही. चर्चची रविवारची शाळा सुटल्यासारखा गेला. लगेच टेकडीवरून किपचा बार झाला, पण तोवर तिथे फक्त गवत हलत होतं.

दोघं खाली उतरले. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. हरीण उभं होतं त्याच्या मागे भूर्जाचं झाड होतं. त्याच्या खोडात, डावीकडे वर, ताजं पांढरं भोक. सार्जंटने त्यात करंगळी घातली.

"चुकली," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "बाई, चुकली! साफ चुकली!" आणि हसायला लागला. सगळं रान जागं होईल असा हसला. गंमत ओसरल्यावर मात्र झाडाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे येत नाही तर."

"एका गोळीने काही कळत नसतं," बाई म्हणाल्या. पण त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

परतताना टेकडीपलीकडून आणखी एक बार ऐकू आला. त्याकडे दोघांनी लक्ष दिलं नाही, आणि तिथेच चुकले. कारण दुपारी छावणीवर पोचले तर अंगणातल्या आडव्या वाशाला हरीण लटकत होतं, त्याच्यामागे मंडळाचा फलक होता, आणि गॉर्डी दोन्ही हात पसरून उभा होता.

"सार्जंट! तुमचं हरीण! तीनशे पावलं धावून पडलं. थेट काळजात गोळी!"

टाळ्या झाल्या. पंचवीस-तीस माणसं होती, बहुतेक दाते. संडासाच्या टाक्यांवाला डोळे पुसत होता. फोटोवाली गुडघ्यावर बसली. कोणीतरी सार्जंटच्या हातात हरणाची उतरवून घेतलेली शिंगं दिली.

सार्जंटने हरणाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. बाईंना त्याचा चेहरा दिसत होता. त्यावरचं हसू हळूहळू विझलं आणि त्याजागी एक गुळगुळीत, सभ्य, सवयीचं काहीतरी आलं. सफरचंदाच्या पायचा तो मोठा तुकडा पुढ्यात आला तेव्हा ऑरिनच्या चेहऱ्यावर आलं होतं, तसंच. ओठ हलले. आता तो थँक यू म्हणणार होता.

"त्या नराला दहा फाटे होते," बाई म्हणाल्या. "नॉर्बर्ट, याला किती?"

नॉर्बर्ट पाइप तोंडातून न काढता पुढे आला आणि त्याने बोट लावून मोजले. "आठ. धावता धावता दोन गळाले असतील. थंडी फार आहे."

कोणीतरी खिदळलं. गॉर्डीचा चेहरा बंडीच्या रंगाचा झाला. "बरं, किपने मारलं! मग? या राज्यात टोळीतला एक दुसऱ्याच्या परवान्यावर मारू शकतो. कायदाच आहे. सार्जंटच्या नावावर मारलं, म्हणजे सार्जंटचंच झालं."

"कायद्याचं मी काही म्हणत नाही. मांस कोणीही खा." बाईंनी कोटाच्या खिशातून कात्री काढली. "एमेट, शर्ट बाहेर काढ."

वाशावरचं हरीण किंचित फिरलं.

"बाई!" गॉर्डी किंचाळला. "अहो, तो माणूस जखमी आहे!"

"त्याच्या शर्टाला काही झालेलं नाही."

"देशासाठी पाय दिलाय त्याने!"

"हो ना. त्याबद्दल मी कापत नाहीये. हरीण चुकवलं त्याबद्दल कापतेय." त्या सार्जंटकडे वळल्या. ही कात्री साठ वर्षं उशिरा निघाली होती. "मी तिथे होते. हरीण चुकलं. तुला फलकासमोर उभं राहायचं असेल तर मी कात्री खिशात ठेवते. तू सांग."

सार्जंटने शिंगं फोटोवालीच्या हातात दिली. ती बिचारी घेऊन उभी राहिली. त्याने अकरा पट्ट्यांचं जाकीट काढलं, लाल चौकड्यांचा शर्ट विजारीतून ओढून बाहेर काढला, आणि बाईंकडे पाठ केली.

कात्री बोथट होती. चार वेळा चालवावी लागली.

आधी नॉर्बर्टने तोंड उघडलं. "सार्जंटसाहेब, आपण गोळी कुठे झाडलीत म्हणायची? मिशिगनमध्ये?"

"भूर्जाच्या झाडात," सार्जंट म्हणाला.

"मग ते तरी सोलून आणायचंस, गाढवा! भूर्जाचं कालवण आमच्या आर्डिसला फार सुरेख जमतं!"

दाते एकमेकांकडे बघू लागले. एकाने "हे बरं नाही" असं म्हटलं. दुसरा तोंडावर हात धरून हसला, मग हात काढून हसला. गॉर्डीने फलक गुंडाळला. मेजवानीला कोणाला उभं करायचं या विवंचनेत त्याने आठ फाट्यांचं हरीण गाडीत टाकलं, आणि पुढच्या वर्षी मंडळ दुसरी जमीन बघेल, असं बाईंना ऐकवलं.

"उतार घेऊन जा," बाई म्हणाल्या.

उतार राहिला. किपही राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मार खाल्लेल्या कुत्र्याची कळा होती आणि सासऱ्याच्या गाडीत बसायची त्याची छाती होत नव्हती.

दुपार कलल्यावर नॉर्बर्टने सार्जंटला लाकडांच्या खोपीमागे नेलं. ओंडक्यावर कागदी ताटली टाचली. "आता झाड. आणि थँक यू म्हणालास तर तुझा दुसरा सोगा कापीन."

"दुसरा नाहीये."

"मग बाही कापीन. झाड."

त्याने तीन गोळ्या झाडल्या. ताटलीवर एकही नाही. त्याने बंदूक खाली ठेवली आणि डावा हात काखेत दाबून धरला. बाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटलं, सत्य सांगून आपण याचं भलं केलं की वाटोळं?

नॉर्बर्ट मात्र ओंडक्यापाशी जाऊन वाकला होता, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"इकडे या रे सगळे."

ताटलीच्या वर, डावीकडे, दोन वितींवर तीन भोकं होती. तिन्ही मिळून कॉफीच्या बशीखाली झाकली असती.

"हा हात हलतो म्हणता?" नॉर्बर्ट म्हणाला. "तीन गोळ्या बशीत मावतात. माझ्या दहा बोटांनी मावत नाहीत. पोरा, तू बरोबर मारतोयस, बंदूक भलतीकडे बघतेय. ही दुर्बीण कोणी बसवली?"

सगळ्यांनी किपकडे पाहिलं.

"दुकानातून आली तशीच आहे," किप म्हणाला. "नाव कोरायला पाठवली होती, त्यातच महिना गेला. नेम जुळवून घ्यायचा राहिला. म्हणजे..." तो बुटांकडे बघत म्हणाला, "गरजच नव्हती ना. मी होतोच की टेकडीवर."

 मग सार्जंटने नॉर्बर्टकडून एक नाणं मागून घेतलं, दुर्बिणीचा स्क्रू फिरवला, एक गोळी झाडली, पुन्हा फिरवला, पुन्हा झाडली. पाचव्या गोळीला ताटली मधोमध फुटली. सहावी त्याच भोकातून गेली. सातवीही.

बंदूक खाली घेऊन तो बाईंकडे आला. चेहरा लाल, डोळे चमकत होते, आणि पाठीमागून शर्टात वारा शिरत होता.

"माझा सोगा परत द्या."

"का म्हणून?"

"का म्हणून काय? दुर्बीण वाकडी होती!"

"बंदूक कोणाच्या हातात होती?"

"माझ्या, पण..."

"दुसऱ्याने दिलेली बंदूक आधी कागदावर झाडून बघायची, मग रानात न्यायची, हे तुला आजोबांनी शिकवलं नव्हतं?"

 सहा राज्यांतल्या सहा मंडळांनी त्याला इतकं सगळं दिलं होतं, पण 'चूक तुझी' असं कोणी म्हणालं नव्हतं.

"शिकवलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"मग मुलीला ते आधी शिकव. चुकली ती चुकली. सोगा मिळणार नाही."

"हा अन्याय आहे, बाई."

"आहे. नॉर्बर्टला विचार. पंचवीस वर्षं हेच रडगाणं ऐकतेय मी त्याचं."

संध्याकाळी चौघांनी बीन्स आणि मक्याची भाकरी खाल्ली. कडाक्याचं भांडण झालं. मुलीला पहिल्यांदा कोणती बंदूक द्यावी यावर नॉर्बर्ट आणि एमेट एकमेकांवर चमचे रोखून ओरडत होते, आणि किपने मध्ये तोंड घातलं तर दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडले. पुढच्या नोव्हेंबरात मुलीला इथे आणू का, असं एमेटने विचारलं नाहीच. तिला कोणती खाट द्यायची एवढंच विचारलं.

"खिडकीजवळची," बाई म्हणाल्या. "तिथे कोणी घोरत नाही. आणि उठ आता. ज्याचा सोगा कापला जातो तो भांडी घासतो."

"असा काही नियम नव्हता आमच्याकडे!"

"इथे आहे."

तो भांडी घासायला उभा राहिला. सैन्यात त्याला काय शिकवलं होतं कोण जाणे, भांडी काही शिकवली नव्हती. बाईंनी बीन्सचं पातेलं उचललं, दिव्याकडे धरून तळ पाहिला, आणि परत त्याच्या पुढ्यात आपटलं.

"हे काय घासलंय? पुन्हा घास."